महाराष्ट्रातील हिप-हॉप: भांडवलशाही आणि राजकारण

महाराष्ट्रातील हिप-हॉप ही रॅप गायन, बीटनिर्मिती, ब्रेकिंग नृत्य आणि भित्तिचित्रकला यांना सामावून घेणारी शहरी युवकसंस्कृती आहे. २०१० नंतरच्या दशकात मुंबईत तिला ठळक रूप आले आणि पुढे पुणे, अमरावती, छत्रपती संभाजीनगर अशा शहरांत तिचा प्रसार झाला. हिंदी, मराठी, गुजराती, वऱ्हाडी आणि मुंबईची मिश्र बोली अशा अनेक भाषांत येथील रॅपर गातात.

प्रस्तुत लेखात या संस्कृतीचे भांडवलशाहीशी आणि राजकारणाशी असलेले संबंध मांडले आहेत. रॅप गीत हे एकाच वेळी प्रतिकाराचे साधन, विक्रीची वस्तू आणि प्रचाराचे माध्यम होऊ शकते. त्यामुळे गाण्यातून येणारा पैसा कोणाकडे जातो आणि गाण्यामुळे येणारी जोखीम कोणाला पत्करावी लागते, हे दोन प्रश्न या संबंधाच्या केंद्रस्थानी आहेत. महाराष्ट्रात शाहिरी, सत्यशोधक व आंबेडकरी जलसे आणि कलापथके यांची दीर्घ परंपरा असल्याने हे प्रश्न येथे नवे नाहीत. मात्र त्यांची उत्तरे बदलली आहेत.

## संज्ञा

‘हिप-हॉप’ आणि ‘रॅप’ हे शब्द बोलण्यात समानार्थी वापरले जात असले, तरी रॅप हे हिप-हॉपचे एक अंग आहे. तबकड्या किंवा ध्वनिमुद्रणे हाताळून संगीत सिद्ध करणारा डीजे, तालावर यमकयुक्त शब्द म्हणणारा एमसी अथवा रॅपर, ब्रेकिंग हे नृत्य आणि ग्राफिटी ही भिंतीवरील अक्षरचित्रकला अशी हिप-हॉपची चार अंगे मानली जातात. रॅपरच्या शब्दांखाली चालणाऱ्या वाद्यरचनेस ‘बीट’ म्हणतात. जुन्या ध्वनिमुद्रणाचा तुकडा कापून नव्या रचनेत वापरण्यास ‘सॅम्पलिंग’ म्हणतात. मुंबईतील वस्त्यांतून पुढे आलेल्या रॅपला ‘गली रॅप’ हे नाव रूढ झाले.

## पार्श्वभूमी: अमेरिकेतील उगम

हिप-हॉपचा उगम न्यू यॉर्क शहराच्या ब्रॉंक्स भागात झाला. १९७० च्या दशकात तेथील कारखान्यांतील रोजगार घटत होता, द्रुतगती मार्गासाठी जुन्या वस्त्या फोडल्या गेल्या होत्या आणि शहराची तिजोरी रिकामी होत आली होती. या भागात प्रामुख्याने कृष्णवर्णीय व पोर्तोरिकन कुटुंबे राहत होती. ११ ऑगस्ट १९७३ रोजी डीजे कूल हर्क (क्लाइव्ह कॅम्पबेल) या जमैकात जन्मलेल्या तरुणाने आपल्या इमारतीतील सभागृहात वाजवलेले संगीत हा हिप-हॉपचा आरंभबिंदू मानला जातो. शाळेच्या नव्या कपड्यांसाठी पैसे जमवावेत म्हणून त्याच्या बहिणीने तो कार्यक्रम आयोजित केला होता आणि त्यासाठी मुलींना २५ सेंट व मुलांना ५० सेंट प्रवेशशुल्क होते. हिप-हॉप आरंभी पैशापासून पूर्णतः अलिप्त होते व बाजाराने पुढे ते बिघडवले, ही लोकप्रिय समजूत म्हणून अपुरी ठरते. तो पहिला कार्यक्रमही सशुल्क होता. फरक इतकाच की, जमलेला पैसा त्याच घरात राहिला.

१९७९ मध्ये शुगरहिल गँग या समूहाचे ‘रॅपर्स डिलाइट’ हे ध्वनिमुद्रण गाजले आणि ध्वनिमुद्रण कंपन्यांचे लक्ष या प्रकाराकडे वळले. १९८२ मध्ये ग्रँडमास्टर फ्लॅश अँड द फ्युरियस फाइव्ह यांच्या ‘द मेसेज’ने वस्तीतील दारिद्र्याचे वर्णन करून सामाजिक आशयाच्या रॅपला मोठा श्रोतृवर्ग मिळवून दिला. १९८६ मध्ये रन-डीएमसी या समूहाने आपल्या पायातील बुटांवर गाणे केले आणि त्यानंतर आदिदास कंपनीने त्यांच्याशी जाहिरात करार केला. वस्तीतील पेहराव ही विक्रीयोग्य वस्तू आहे, हे या कराराने कंपन्यांच्या ध्यानात आणून दिले.

राज्यसंस्थेशी संघर्षही याच काळात झाला. एनडब्ल्यूए या समूहाच्या पोलिसांवरील गाण्यामुळे १९८९ मध्ये अमेरिकेच्या एफबीआय या तपाससंस्थेच्या एका अधिकाऱ्याने त्यांच्या ध्वनिमुद्रण कंपनीला नाराजीचे पत्र पाठविले. या पत्राने गाण्याची प्रसिद्धी वाढली. १९९१ मध्ये न्यू यॉर्कच्या न्यायालयाने विनापरवाना सॅम्पलिंग हा स्वामित्वहक्काचा भंग ठरविला. त्यामुळे अनेक तुकडे जोडून रचना करण्याची पद्धत खर्चिक झाली. १९९६ च्या दूरसंचार कायद्याने एका कंपनीने देशभरात किती नभोवाणी केंद्रे बाळगावीत यावरील राष्ट्रीय मर्यादा काढून टाकली आणि केंद्रांची मालकी थोड्या कंपन्यांच्या हाती एकवटली. कोणत्या प्रकारचे रॅप ऐकविले जाईल, हे ठरविण्यात या एकवटलेल्या मालकीचा वाटा होता, असे प्रतिपादन केले जाते.

## महाराष्ट्रातील पूर्वपरंपरा

तालावर शब्द म्हणून सत्तेला प्रश्न विचारण्याची रीत महाराष्ट्रात हिप-हॉपच्या पुष्कळ आधीची आहे. महात्मा जोतीराव फुले यांनी १८६९ मध्ये छत्रपती शिवाजी महाराजांवर पवाडा रचून प्रकाशित केला आणि १८७३ मध्ये सत्यशोधक समाजाची स्थापना केली. या समाजाच्या विचारांच्या प्रसारासाठी सत्यशोधक जलसे उभे राहिले. गण, गौळण, बतावणी असा तमाशाचा परिचित साचा घेऊन त्यांत देवकथांच्या जागी जातिभेद, सावकारी आणि शिक्षण हे विषय आणले गेले. याच धर्तीवर भीमराव कर्डक आदी कलावंतांनी आंबेडकरी जलसे चालविले. वामनदादा कर्डक यांनी ही गीतपरंपरा गावोगाव नेली.

१९४४ मध्ये अण्णाभाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गवाणकर यांनी लाल बावटा कलापथक स्थापन केले. गिरणी कामगारांच्या सभा आणि पुढे संयुक्त महाराष्ट्राचा लढा यांत या कलापथकाने मोठी कामगिरी बजावली.

मराठवाड्यात ही परंपरा ‘गायन पार्टी’ या नावाने परिचित आहे. जयंती, पौर्णिमा आणि धम्मचक्र प्रवर्तन दिन या प्रसंगी दोन पार्ट्यांमध्ये रात्रभर भीमगीतांचे सामने होत. मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव जुलै १९७८ मध्ये विधिमंडळात संमत झाला आणि १४ जानेवारी १९९४ रोजी नामविस्तार झाला. मधल्या सोळा वर्षांच्या आंदोलनात गायक-शाहिरांचा वाटा महत्त्वाचा होता.

रॅपमधील ‘बॅटल’, म्हणजे दोन रॅपरांनी समोरासमोर उभे राहून शब्दांनी एकमेकांवर कुरघोडी करणे, या प्रकाराशी शाहिरीतील कलगी-तुऱ्याचे साम्य आहे. कलगी आणि तुरा या दोन पक्षांचे शाहीर सवाल-जवाबातून परस्परांचे ज्ञान व हजरजबाबीपणा पारखत. मात्र हे साम्य रूपाचे आहे. मराठी रॅप हा शाहिरीतून थेट उत्क्रांत झाला, असे म्हणता येत नाही. बहुतेक रॅपर प्रथम इंग्रजी गाणी ऐकून या कलेकडे वळले आणि काहींनी नंतर शाहिरीशी नाते जोडले.

दोन्ही परंपरांतील महत्त्वाचा फरक संघटनेचा आहे. जलसाकारामागे सत्यशोधक समाज, आंबेडकरी चळवळ किंवा कामगार संघटना उभी असे. बिदागी अल्प असली, तरी मुक्कामाची सोय गाव करी आणि खटला झाल्यास संघटना पाठीशी असे. १९८० च्या दशकात ध्वनिफितींचा प्रसार झाल्यावर भीमगीते आणि लोकगीते मोठ्या प्रमाणावर विकली जाऊ लागली व गायक आणि श्रोता यांच्यामध्ये कंपनी आली. आजच्या रॅपरला ध्वनिफितीच्या काळातील बाजार वारशाने मिळाला आहे. जलशामागची संघटना मात्र त्याच्या वाट्याला क्वचितच येते.

## गिरणगावानंतरची मुंबई

१८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली मुंबईतील सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. संपाचा निर्णायक शेवट झालाच नाही. गिरण्या एकेक करून बंद पडल्या आणि त्यांच्या जमिनींवर पुढे व्यापारी संकुले व उंच इमारती उभ्या राहिल्या. ज्या चाळींनी शाहिरांना श्रोते पुरविले, त्या चाळींचा आर्थिक आधार असा नाहीसा झाला. ब्रॉंक्स आणि मुंबई यांचा इतिहास एकसारखा नाही. तरीही स्थिर रोजगार गेलेल्या शहरातील तरुणांचा आवाज, हा दोन्हीकडील रॅपचा समान धागा आहे.

मुंबईतील नवे रॅपर गिरणगावातून नव्हे, तर अंधेरी, कुर्ला, धारावी अशा भागांतून पुढे आले. डिव्हाइन (विवियन फर्नांडिस) आणि नेझी (नावेद शेख) यांचे ‘मेरे गली में’ हे गाणे २०१५ मध्ये प्रसिद्ध झाले. नेझी यांनी त्यापूर्वी २०१४ मध्ये ‘आफत’ हे गाणे आयपॅडच्या साहाय्याने तयार केले होते. स्टुडिओ, वादक आणि वितरक यांच्यावाचून गाणे सिद्ध करता येते, हे त्यातून दिसले. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओची सेवा सुरू झाल्यावर मोबाइल डेटा स्वस्त झाला आणि लहान गावांतील श्रोतेही या गाण्यांपर्यंत पोहोचले.

## चित्रपट, कंपन्या आणि ‘आझादी’

१४ फेब्रुवारी २०१९ रोजी झोया अख्तर दिग्दर्शित ‘गली बॉय’ हा हिंदी चित्रपट प्रदर्शित झाला. डिव्हाइन आणि नेझी यांच्या जीवनावरून त्याची प्रेरणा घेतलेली होती. चित्रपटाला फिल्मफेअरचे १३ पुरस्कार मिळाले आणि ऑस्करसाठी भारताची अधिकृत प्रवेशिका म्हणून त्याची निवड झाली. याच वर्षी एमटीव्ही वाहिनीवर ‘हसल’ ही रॅपची स्पर्धा सुरू झाली. अमेरिकी रॅपर नास यांच्याशी संबंधित मास अपील या कंपनीने युनिव्हर्सल म्युझिकच्या साहाय्याने भारतात शाखा काढली आणि डिव्हाइन यांच्याशी करार केला. डिव्हाइन यांनी ‘गली गँग’ ही स्वतःची कंपनीही काढली. कलावंतानेच कंपनीचा मालक होणे हा अमेरिकेतील हिप-हॉपमध्ये रुळलेला मार्ग असून तो येथेही अनुसरला गेला.

या काळातील बाजार आणि राजकारण यांच्या गुंतागुंतीचे सर्वांत स्पष्ट उदाहरण म्हणजे ‘आझादी’ हे गाणे होय. या घोषणेचा भारतातील प्रवास स्त्री चळवळीपासून सुरू होतो. कमला भसीन यांनी ती लोकप्रिय केली. २०१६ मध्ये जवाहरलाल नेहरू विद्यापीठाचे विद्यार्थी नेते कन्हैया कुमार यांच्या घोषणांचे ध्वनिमुद्रण वापरून डब शर्मा या संगीतकाराने एक रचना केली. तीच रचना डिव्हाइन यांच्या नव्या शब्दांसह ‘गली बॉय’मध्ये आली. मूळ घोषणांतील मनुवाद, ब्राह्मणवाद यांचे उल्लेख चित्रपटातील गाण्यात नव्हते. यावर टीका झाली. जातीचा प्रश्न वगळून गरिबीचा प्रश्न ठेवल्यास गाणे अधिक लोकांना विकता येते, असा त्या टीकेचा रोख होता. त्यानंतर काही दिवसांतच लोकसभा निवडणुकीच्या तोंडावर भारतीय जनता पक्ष आणि काँग्रेस या दोन्ही पक्षांनी या गाण्याचा आधार घेऊन परस्परांविरुद्ध चित्रफिती प्रसारित केल्या. तीन वर्षांपूर्वी देशद्रोहाच्या वादात सापडलेली घोषणा अशा रीतीने चित्रपटाचे उत्पादन झाली आणि नंतर दोन प्रतिस्पर्धी पक्षांचे प्रचारसाहित्य झाली.

मराठी भाषेतील स्वतंत्र संगीताकडे मोठ्या कंपन्यांचे लक्ष तुलनेने उशिरा वळले. २०२४ मध्ये क्रेटेक्स आणि श्रेयस यांचे ‘तांबडी चामडी’ हे मराठी शब्दांचे नृत्यगीत स्पिनिन रेकॉर्ड्स या डच कंपनीने प्रसिद्ध केले. ही कंपनी वॉर्नर म्युझिक समूहाच्या मालकीची आहे. हे गाणे काटेकोर अर्थाने हिप-हॉप नसले, तरी मराठी बोलीला जागतिक वितरणात स्थान मिळू शकते, हे त्याने दाखविले.

## रॅपरचे अर्थकारण

रॅप गीतात किमान तीन वेगवेगळे हक्क गुंतलेले असतात: शब्दांचा हक्क, संगीतरचनेचा हक्क आणि ध्वनिमुद्रणाचा हक्क. शब्द बहुधा रॅपरचे असतात, बीट दुसऱ्याकडून विकत किंवा भाड्याने घेतलेली असते आणि ध्वनिमुद्रण ज्याने पैसा घातला त्याचे असते. इंटरनेटवर अल्प दरात मिळणारी बीट अनेकदा मर्यादित परवान्यावर दिलेली असते. ठरलेल्या संख्येपेक्षा गाणे अधिक ऐकले गेल्यास किंवा ते जाहिरातीत वापरल्यास नवा परवाना घ्यावा लागतो. ही अट न वाचता गाणे प्रसिद्ध करणाऱ्या नवोदिताचे उत्पन्न त्यामुळे अडकू शकते.

स्वामित्वहक्क अधिनियम १९५७ मध्ये २०१२ साली झालेली दुरुस्ती गीतकार आणि संगीतकार यांच्या दृष्टीने महत्त्वाची आहे. या दुरुस्तीनुसार त्यांनी आपला हक्क कंपनीला दिला, तरी मानधनाच्या पलीकडे मिळणारे स्वामित्वधन समान वाट्याने मिळविण्याचा त्यांचा हक्क करारानेही सोडता येत नाही. चित्रपटगृहात चित्रपटाबरोबर होणारे सादरीकरण यास अपवाद आहे. हे स्वामित्वधन गोळा करून वाटण्याचे काम इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटी ही १९६९ मध्ये स्थापन झालेली संस्था करते. रॅपर स्वतःचे शब्द स्वतः लिहीत असल्याने तो गायकाबरोबरच गीतकारही असतो आणि म्हणून या संस्थेचा सभासद होण्यास पात्र ठरतो. कायद्याने दिलेला हक्क आणि प्रत्यक्ष मिळणारी रक्कम यांतील अंतर बहुधा नोंदणी न केल्यामुळे पडते.

श्रवणसेवांकडून मिळणारे उत्पन्न प्रत्येक श्रवणामागे अत्यल्प असते. त्यामुळे बहुसंख्य रॅपरांची मिळकत प्रत्यक्ष कार्यक्रम, जाहिराती आणि इतरांसाठी लिहून दिलेली गाणी यांवर अवलंबून राहते. जाहिरातदाराला वस्तीचा पेहराव आणि बोली हवी असते, वाद नको असतो. आशयावर येणारा हा दबाव लेखी नसतो, पण तो परिणामकारक असतो.

## प्रतिकाराचे रॅप

मुंबईतील ‘स्वदेशी’ हा बहुभाषी समूह राजकीय आशयाच्या रॅपसाठी ओळखला जातो. या समूहातील एमसी मवाली मराठीत, तर एमसी तोडफोड (धर्मेश परमार) गुजरातीत गात. परमार यांचे मार्च २०२२ मध्ये तरुण वयातच निधन झाले. समूहाने २०१९ मध्ये आरे परिसरातील आदिवासी कार्यकर्ते व कलावंत प्रकाश भोईर यांच्यासह ‘द वारली रिव्होल्ट’ हे गाणे केले. विकासप्रकल्पांसाठी आदिवासींची जमीन व जंगल घेतले जाणे, हा त्याचा विषय होता. त्याच वर्षी ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात मेट्रोच्या कारशेडसाठी आरे येथे दोन हजारांहून अधिक झाडे तोडली गेली आणि ७ ऑक्टोबर रोजी सर्वोच्च न्यायालयाने पुढील तोड थांबविण्याचा आदेश दिला. जागेचा प्रश्न, स्थानिक कलावंत आणि रॅपर हे तिघे एकत्र आल्याचे हे लक्षणीय उदाहरण आहे.

अमरावतीचे सौरभ अभ्यंकर हे ‘हंड्रेड आरबीएच’ या नावाने गातात. जातिभेद आणि विषमता हे त्यांच्या गाण्यांचे प्रमुख विषय असून त्यांत वऱ्हाडी बोलीचा वापर आढळतो. एमटीव्हीच्या ‘हसल’ स्पर्धेतील त्यांच्या सहभागामुळे हे विषय व्यावसायिक वाहिनीवरही पोहोचले. बाजाराचे व्यासपीठ आणि प्रतिकाराचा आशय हे नेहमीच परस्परविरोधी असतात असे नाही, याची ही साक्ष आहे.

## २०२३ मधील गुन्हे

गाण्यावरून सत्ताधारी नाराज होण्याचे प्रसंग रॅपपुरते मर्यादित नाहीत. २०१७ मध्ये नभोवाणी निवेदिका मलिष्का यांनी मुंबईतील खड्ड्यांवर केलेल्या विडंबनगीतानंतर सत्ताधारी पक्षाच्या नगरसेवकांनी त्यांच्यावर ५०० कोटी रुपयांच्या अब्रुनुकसानीचा दावा करण्याची मागणी केली होती.

जून २०२२ मध्ये शिवसेनेत फूट पडून राज्यात सत्तांतर झाले. बोलीभाषेत एक कोटी रुपयांस ‘खोका’ म्हणतात. फुटीर आमदारांनी पैसे घेतल्याचा आरोप करणारी पन्नास खोक्यांची घोषणा विरोधी पक्षांनी विधानभवनाच्या पायऱ्यांवर दिली. सत्ताधारी आमदारांनी हा आरोप नाकारला. २०२३ च्या मार्च महिन्यात छत्रपती संभाजीनगरचे रॅपर राज मुंगसे यांनी या घोषणेच्या आधारे केलेले गाणे समाजमाध्यमांवर मोठ्या प्रमाणावर पसरले. गाण्यात कोणाचेही नाव नव्हते. युवासेनेच्या पदाधिकाऱ्याच्या तक्रारीवरून अंबरनाथ येथे त्यांच्याविरुद्ध गुन्हा नोंदविण्यात आला. विरोधी पक्षांच्या नेत्यांनी त्यांना जाहीर पाठिंबा दिला आणि ठाणे जिल्ह्यातील न्यायालयाने त्यांना अटकपूर्व जामीन मंजूर केला. याच सुमारास मुंबईतील रॅपर उमेश खाडे यांच्यावर ‘भोंगळी केली जनता’ या गाण्यावरून वडाळा टीटी पोलीस ठाण्यात गुन्हा दाखल झाला.

या दोन्ही घटनांत तक्रार, पोलीस ठाण्यातील हजेरी, वकील आणि जामीन यांचा भार गाणाऱ्या व्यक्तीवर पडला. गाणी प्रसारित करणाऱ्या समाजमाध्यम कंपन्या आरोपी नव्हत्या. ज्या घोषणेवर गाणे आधारलेले होते ती सभागृहाच्या आवारात देणाऱ्या आमदारांवर अशी कारवाई झाली नाही. घोषणा राजकीय पक्षाची आणि जोखीम रॅपरची, अशी ही विभागणी होती.

यांहून कठोर कारवाई रॅपच्या बाहेर, शाहिरीच्या क्षेत्रात झालेली आहे. पुण्यातील कबीर कला मंच या समूहाच्या सदस्यांवर २०११ पासून बेकायदा कृत्ये प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हे नोंदविले गेले. २ एप्रिल २०१३ रोजी शीतल साठे आणि सचिन माळी हे विधानभवनासमोर पोलिसांच्या स्वाधीन झाले. त्यांच्यावर माओवादी संघटनेशी संबंध असल्याचा आरोप होता व त्यांनी तो नाकारला. आनंद पटवर्धन यांच्या ‘जय भीम कॉम्रेड’ (२०११) या माहितीपटात या समूहाचे चित्रण आहे.

## कायदेशीर चौकट

भारतीय संविधानाचे कलम १९(१)(क) अभिव्यक्तिस्वातंत्र्य देते आणि १९(२) त्यावरील वाजवी निर्बंधांची कारणे सांगते. या कारणांत सार्वजनिक सुव्यवस्था, शिष्टाचार अथवा नीतिमत्ता आणि अब्रुनुकसानी यांचा समावेश आहे. सरकारवरील टीका हे निर्बंधाचे कारण म्हणून त्यात नमूद नाही.

अशा प्रकरणांत भारतीय दंड संहितेची कलमे ५०४ (शांतताभंग व्हावा म्हणून केलेला अपमान) आणि ५०५(२) (गटांत वैर निर्माण करणारी विधाने) वापरली जात. यांपैकी ५०५(२) हे दखलपात्र व अजामीनपात्र असल्याने त्याच्या समावेशाने अटकेचा मार्ग खुला होतो. मात्र या कलमासाठी किमान दोन समाजगट गुंतलेले असणे आवश्यक आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९७ मध्ये बिलाल अहमद कालू प्रकरणात स्पष्ट केले आहे. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली असून तिच्यात याच आशयाच्या तरतुदी कलम ३५२ आणि ३५३(२) मध्ये आहेत.

२४ मार्च २०१५ रोजी श्रेया सिंघल खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने माहिती तंत्रज्ञान अधिनियमाचे कलम ६६-अ रद्द केले. २८ मार्च २०२५ रोजी इम्रान प्रतापगढी विरुद्ध गुजरात राज्य या प्रकरणात, समाजमाध्यमावरील एका कवितेवरून नोंदविलेला गुन्हा न्यायालयाने रद्द केला. शब्दांचा परिणाम खंबीर मनाच्या सुज्ञ व्यक्तीच्या दृष्टीने जोखावा, सतत असुरक्षित वाटणाऱ्यांच्या दृष्टीने नव्हे, असे तत्त्व त्यात मांडले गेले. तसेच अभिव्यक्तीशी संबंधित आणि तीन ते सात वर्षांपर्यंत शिक्षा असलेल्या गुन्ह्यांत नोंद करण्यापूर्वी भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३(३) नुसार प्राथमिक चौकशी करणे उचित ठरेल, असेही न्यायालयाने म्हटले. रॅप गीतांवरील तक्रारींनाही ही तत्त्वे लागू होतात.

## निवडणूक प्रचार

रॅपरांकडे राजकीय पक्ष केवळ टीकाकार म्हणून पाहत नाहीत, तर कंत्राटदार म्हणूनही पाहतात. निवडणुकीच्या काळात उमेदवारांची प्रचारगीते तयार करण्याचे काम जिल्हा आणि तालुका पातळीवरील लहान ध्वनिमुद्रण केंद्रांना मिळते. लोकप्रिय चालीवर किंवा रॅपच्या तालावर उमेदवाराचे नाव, चिन्ह आणि गाव बसविले जाते व ते गीत प्रचाराच्या वाहनांवरून आणि मोबाइलवरून ऐकविले जाते. ग्रामीण भागातील कलावंतांसाठी हे हंगामी, पण रोख उत्पन्नाचे साधन आहे. एकच कलावंत परस्परविरोधी उमेदवारांसाठी गाणे करतो, तेव्हा ती त्याची भूमिका नसून मजुरी असते.

या गीतांचा खर्च उमेदवाराच्या निवडणूक खर्चात धरला जातो. २०२२ मधील सुधारणेनुसार महाराष्ट्रात ही मर्यादा लोकसभेसाठी ९५ लाख आणि विधानसभेसाठी ४० लाख रुपये आहे. राजकीय पक्षांच्या स्वतःच्या खर्चास मात्र मर्यादा नाही. दूरचित्रवाणी, नभोवाणी आणि समाजमाध्यमे यांवरील राजकीय जाहिराती प्रसारणापूर्वी माध्यम प्रमाणन व संनियंत्रण समितीकडून प्रमाणित करून घ्याव्या लागतात. उमेदवारासाठी केलेल्या गाण्याला असा अधिकृत मार्ग आणि खर्चाची तरतूद असते. उमेदवारावर टीका करणाऱ्या गाण्यामागे कलावंताची स्वतःची पदरमोड असते.

## टीका आणि मतभेद

हिप-हॉपवर होणारी टीका अनेक बाजूंची आहे. शिवीगाळ, स्त्रियांविषयी हीन भाषा, शस्त्रे व व्यसने यांचे उदात्तीकरण असे आक्षेप घेतले जातात. एप्रिल २०२३ मध्ये सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या आवारात चित्रित झालेल्या एका रॅप गीतात शिव्या व शस्त्रे दाखविल्याने गुन्हा नोंदविला गेला. हे प्रकरण आणि राजकीय टीकेबद्दलचे गुन्हे जवळपास एकाच महिन्यातील असल्याने चर्चेत त्यांची सरमिसळ झाली. वस्तुतः पहिल्यात प्रश्न परवानगी आणि शिष्टाचाराचा होता, तर दुसऱ्यांत सत्तेवरील टीकेचा.

बढाई आणि संपत्तीचे प्रदर्शन हा दुसरा आक्षेप आहे. ज्यांच्याकडे काही नव्हते त्यांनी मिळविल्याचे सांगणे हा स्वाभिमानाचाच उच्चार आहे, असे काही जण मानतात. असे गाणे विषमतेला प्रश्न न विचारता तिच्या वरच्या पायरीवर जागा मागते, असे इतरांचे म्हणणे आहे. रॅप क्षेत्रात स्त्रियांचे प्रमाण अल्प आहे, ही उणीव दोन्ही बाजू मान्य करतात.

तिसरा मतभेद प्रामाणिकपणाविषयी आहे. कंपनीशी करार केलेला रॅपर वस्तीचा प्रतिनिधी राहतो काय, असा प्रश्न विचारला जातो. महाराष्ट्रातील उदाहरणे पाहता या प्रश्नाचे एकच उत्तर देता येत नाही. करार केलेल्यांनी जातिभेदावर गाणी केली आहेत आणि करार नसलेल्यांनी केवळ बढाईची गाणी केली आहेत. म्हणून पैसा घेतला की नाही, यापेक्षा शब्दांवर आणि ध्वनिमुद्रणावर हक्क कोणाचा राहिला, तसेच तक्रार झाल्यावर पाठीशी कोण उभे राहिले, या कसोट्या अधिक उपयुक्त ठरतात.

## हे सुद्धा पहा

* शाहिरी
* सत्यशोधक जलसा
* आंबेडकरी जलसा
* कलगी-तुरा
* लाल बावटा कलापथक
* मुंबईतील गिरणी कामगारांचा संप
* मराठवाडा विद्यापीठ नामांतर आंदोलन
* अभिव्यक्तिस्वातंत्र्य